उपरी धावक : अमेरिकी महाविद्यालयांच्या क्रॉसकंट्री संघांत परदेशी धावपटूंची भरती

महाराष्ट्रात आष्टी या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. २० फेब्रुवारी १८१८ च्या लढाईमुळे इतिहासाच्या विद्यार्थ्यास परिचित असलेली आष्टी सोलापूर जिल्ह्यातील होय. १९४२ च्या उठावामुळे जिचे नाव देशभर झाले ती वर्धा जिल्ह्यातील. तिसरी बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. आणि चौथी जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील. ही चौथी आष्टी १९४८ पर्यंत निजामी राजवटीखाली होती आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यात मोडत असे. अविनाश साबळे या धावपटूचा उल्लेख 'आष्टीचा' म्हणून झाला म्हणजे ती आष्टी बीडकडील, हे परतूरकडील वाचकास मनाशी स्पष्ट करून घ्यावे लागते. तथापि दोन्ही आष्ट्यांच्या परिसरात एक दृश्य समान आहे, आणि तेच प्रस्तुत निबंधाचे निमित्त होय. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने तरुण मुलेमुली धावत असतात. त्यांच्या डोळ्यांपुढे पदक नसते. सैन्याची किंवा पोलिसांची भरती असते. मुलांना सोळाशे मीटर आणि पोलीसभरतीच्या मुलींना आठशे मीटर, हे अंतर ठरलेल्या वेळात तोडावयाचे असते.

चांगला धावक गावात निपजतो. परंतु त्यास वेचून नेणारी संस्था कोणती, ती त्यास कोणत्या अटींवर नेते, आणि त्याचे धावणे संपल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न क्रीडाशास्त्राइतकेच इतिहासाचेही आहेत. त्यांचा विचार करण्यास जगातील एक उदाहरण विशेष उपयुक्त आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांनी गेल्या पाऊणशे वर्षांत आपल्या क्रॉसकंट्री संघांसाठी आयर्लंड, केनिया, टांझानिया आदी देशांतून धावपटूंची जी भरती केली, ते हे उदाहरण होय.

या भरतीचे स्वरूप समजून घेण्यासाठी आपल्या ग्रामव्यवस्थेतील एक जुनी संज्ञा मला सोयीची वाटते. मराठेशाहीतील गावात जमीन कसणाऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरागत. तो सारा भरीत असेतोवर त्यास जमिनीवरून उठविता येत नसे. उपरी हा बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. गावात जमीन पडीक राहिली म्हणजे कौल देऊन त्यास बोलावून आणीत. आरंभी सारा हलका ठेवून तो दरसाल चढवीत नेण्याची जी पद्धत होती, तीस इस्तावा म्हणत. पडीक जमीन असेपर्यंत उपरी हवाहवासा असे. जमिनीस मागणी वाढली की त्याच्या हक्काविषयी कुरकुर सुरू होई. परदेशी धावकाचे महाविद्यालयाशी असलेले नाते बव्हंशी असेच राहिले आहे. ही तुलना कोठवर चालते आणि कोठे तुटते, हे पुढे दिसेल.

प्रथम खेळाविषयी. क्रॉसकंट्री म्हणजे आखीव धावपट्टी सोडून शेते, टेकड्या, चिखल आणि गवत यांवरून धावण्याची शर्यत. तिचा उगम एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी निवासी शाळांत आहे. श्रूझबरी व रग्बी येथील विद्यार्थी ससा आणि शिकारी कुत्रे यांच्या पाठलागाची नक्कल करीत रानोमाळ धावत. १८६८ मध्ये लंडनजवळ या खेळाचा मंडळस्वरूपात आरंभ झाला, १९०३ मध्ये स्कॉटलंडमधील हॅमिल्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९१२, १९२० व १९२४ या तीन ऑलिंपिकांत हा प्रकार समाविष्ट होता. १९२४ च्या पॅरिस येथील शर्यतीत कडक उन्हामुळे ३८ धावकांपैकी केवळ १५ जण ती पूर्ण करू शकले. त्यानंतर ऑलिंपिकमधून क्रॉसकंट्री वगळली गेली. अमेरिकेत मात्र महाविद्यालयांनी हा खेळ उचलून धरला, आणि एन.सी.ए.ए. या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९३८ मध्ये मिशिगन राज्यात त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली.

या स्पर्धेची गुणपद्धती ध्यानात घेतल्यावाचून भरतीचे कारण उलगडत नाही. प्रत्येक संघाचे सात धावक उतरतात आणि त्यांतील पहिल्या पाचांचे क्रमांक मिळविले जातात. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाने पटकाविले तर बेरीज १५ होते, आणि याहून कमी ती होऊच शकत नाही. अर्थात एका असामान्य धावकाने संघ जिंकत नाही; चांगले पाच लागतात. परंतु पाच पुरेसे असतात, हेही तितकेच खरे. फुटबॉलचा संघ उभारण्यास शेकडो मुले, मोठे मैदान आणि अमाप पैसा लागतो. येथे पाच माणसे आणि एक जाणता प्रशिक्षक यांच्या बळावर एखादे आडबाजूचे महाविद्यालय राष्ट्रीय विजेते होऊ शकते. शिवाय लांब पल्ल्याचा धावक शरद ऋतूत क्रॉसकंट्री, हिवाळ्यात बंदिस्त सभागृहातील शर्यती आणि वसंतात मैदानी शर्यती, असा वर्षातून तीन हंगाम उपयोगी पडतो. पुरुषांच्या मैदानी खेळांसाठी व क्रॉसकंट्रीसाठी मिळून एका विद्यापीठास फक्त १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येतील, अशी मर्यादा अनेक वर्षे होती. मोजक्या शिष्यवृत्त्यांतून अधिकाधिक गुण मिळवावयाचे तर त्या कोणास द्याव्यात, याचे उत्तर प्रशिक्षकांना अवघड वाटले नाही.

शिष्यवृत्ती हीच या व्यवहाराची किल्ली होय. केवळ खेळाच्या गुणवत्तेवर विद्यार्थ्यास आर्थिक साहाय्य द्यावे की नाही, यावर अमेरिकेत दीर्घकाळ वाद चालला. १९४८ मध्ये त्यावर निर्बंध घालणारी संहिता करण्यात आली. ती तीनच वर्षांत मागे घ्यावी लागली. आणि १९५६ मध्ये गरज वा अभ्यासातील गुण न पाहता क्रीडाशिष्यवृत्ती देण्यास मान्यता मिळाली. गावाने पडीक जमिनीसाठी कौल द्यावा त्याप्रमाणे महाविद्यालयाच्या हाती आता एक लेखी करार आला.

भरतीचा पहिला टप्पा आयरिश धावकांचा. फिलाडेल्फियाजवळील व्हिलानोव्हा या कॅथलिक विद्यापीठात 'जंबो' इलियट या नावाने ओळखले जाणारे प्रशिक्षक १९३५ पासून १९८१ मध्ये मृत्यू येईपर्यंत कार्यरत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकनंतर काही आयरिश खेळाडू त्यांच्याकडे आले, आणि एकाने दुसऱ्यास आणावे अशी साखळीच तयार झाली. याच साखळीतून आलेल्या रॉन डिलेनी याने १९५६ मध्ये मेलबर्न येथे १,५०० मीटरचे सुवर्णपदक मिळविले. १९६६, १९६७ व १९६८ अशी लागोपाठ तीन वर्षे व्हिलानोव्हा क्रॉसकंट्रीत राष्ट्रीय विजेते ठरले. धर्म एक, भाषा एक आणि वर्णही एक असल्याने या परकेपणाचा फारसा बोभाटा झाला नाही, ही गोष्ट पुढील टप्प्याच्या संदर्भात ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

दुसरा टप्पा पूर्व आफ्रिकेचा. केनिया अद्याप ब्रिटिश वसाहत असताना, सप्टेंबर १९५९ मध्ये, टॉम म्बोया यांच्या प्रयत्नाने ८१ विद्यार्थी विमानाने नैरोबीहून न्यूयॉर्कला गेले. पुढील चार वर्षांत असे शेकडो विद्यार्थी अमेरिकेत शिकावयास गेले. ते धावक म्हणून निवडलेले नव्हते. स्वतंत्र होऊ घातलेल्या राष्ट्रास शिकलेली माणसे हवी होती. परंतु केनियन तरुण आणि अमेरिकी महाविद्यालय यांच्यामधील वाट यामुळे मोकळी झाली. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये किप केइनो, नफ्ताली टेमू आणि अमोस बिवॉट यांनी अनुक्रमे १,५०० मीटर, १०,००० मीटर व ३,००० मीटर अडथळ्यांची म्हणजे स्टीपलचेस शर्यत जिंकली. यांतील केइनो पोलीसदलात होता आणि टेमू सैन्यात. म्हणजे केनियातही धावकास प्रथम हेरून पोसणारी संस्था महाविद्यालय ही नव्हती. सरकारी दले हे काम करीत होती. अमेरिकी महाविद्यालये मागाहून तेथे पोचली.

या टप्प्यात दोन विद्यापीठे अग्रभागी होती : जॉन चॅप्लिन यांचे वॉशिंग्टन स्टेट आणि टेड बँक्स यांचे टेक्सासमधील एल पासो. वॉशिंग्टन स्टेटचा सॅमसन किमोंब्वा याने ३० जून १९७७ रोजी हेलसिंकी येथे १०,००० मीटरचा जागतिक विक्रम केला. त्याचाच सहाध्यायी हेन्री रोनो याने १९७८ च्या ८ एप्रिल ते २७ जून या ८१ दिवसांत ५,००० मीटर, ३,००० मीटर स्टीपलचेस, १०,००० मीटर आणि ३,००० मीटर असे चार जागतिक विक्रम मोडले. असा पराक्रम मैदानी खेळांच्या इतिहासात विरळाच. रोनोने १९७६, १९७७ व १९७९ अशी तीनदा राष्ट्रीय क्रॉसकंट्री जिंकली. परंतु त्याच्या विद्यापीठास सांघिक विजेतेपद मात्र एकदाही लाभले नाही, कारण पाचांचे गणित जमले नाही. ते एल पासोने जमविले. १९७५ ते १९८१ या सात वर्षांत त्या विद्यापीठाने सहा वेळा सांघिक विजेतेपद मिळविले. १९८० मध्ये टांझानियाचा सुलेमान न्याम्बुई आणि १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा मॅथ्यूज मोत्श्वारातेऊ हे त्याचे धावक वैयक्तिक विजेते होते. १९८१ ची सांघिक बेरीज केवळ १७ होती, म्हणजे अशक्यप्राय अशा १५ च्या अवघी दोन गुण वर.

साहजिकच कुरकुर सुरू झाली. आक्षेप मुख्यत्वे दोन होते. अमेरिकी करदात्याच्या व विद्यार्थ्याच्या पैशांवर चालणाऱ्या शिष्यवृत्त्या अमेरिकी मुलांच्या हातून जातात, हा पहिला. परदेशी धावक वयाने व अनुभवाने प्रौढ असतात, हा दुसरा. दुसरा आक्षेप निराधार नव्हता. फेब्रुवारी १९५२ मध्ये जन्मलेला रोनो १९७६ च्या शरद ऋतूत जेव्हा प्रथम राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता; त्याच्या शेजारी धावणारी काही मुले अठरा-एकोणीस वर्षांची होती.

परंतु या आक्षेपाचे नियमात रूपांतर कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे. एन.सी.ए.ए.च्या एका नियमानुसार परदेशी विद्यार्थ्याने एकोणिसाव्या वाढदिवसानंतर मायदेशी ज्या वर्षी स्पर्धेत भाग घेतला असेल, ते प्रत्येक वर्ष त्याच्या महाविद्यालयीन पात्रतेतून वजा होई. अमेरिकी नागरिकास हा नियम लागू नव्हता, मग तो त्याच परदेशी मैदानावर तितकीच वर्षे खेळलेला का असेना. कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध असलेल्या वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाने १९७१ मध्ये फुटबॉलचे, म्हणजे अमेरिकेत ज्यास सॉकर म्हणतात त्याचे, राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. त्याच्या संघात आफ्रिका व कॅरिबियन बेटांतील खेळाडू होते. अशा नियमांच्या आधारे ते विजेतेपद काढून घेण्यात आले. हॉवर्ड न्यायालयात गेले. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम करून परदेशी विद्यार्थ्यांविषयीचा तो नियम घटनाबाह्य ठरविला. वय व अनुभव यांतील विषमता दूर करण्याचा हेतू न्याय्य असला, तरी त्याचा भार केवळ परक्यांवर टाकणे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत होते, हे त्या निकालाचे सार होय.

१९८० मध्ये एन.सी.ए.ए.ने नवा नियम केला. त्यात वयाची रेषा एकोणीसऐवजी वीस ठेवली आणि तो नागरिक व परदेशी अशा सर्वांना लागू केला. १९८४ मध्ये एका कॅनेडियन हॉकीपटूच्या खटल्यात न्यायालयाने हा नियम ग्राह्य धरला. शब्द तटस्थ झाले; परिणाम कोणावर अधिक होणार, हे मात्र सर्वांस ठाऊक होते. गरीब देशातील तरुण एकोणिसाव्या वर्षी शाळा संपवून थेट महाविद्यालयात जात नाही. मधली काही वर्षे तो बराकीत, शेतात अथवा शिक्षकाच्या नोकरीत घालवितो. मिरासदाराचा हक्क ज्याप्रमाणे उपऱ्याचे नाव न घेताही राखता येतो, त्याप्रमाणे येथेही घडले. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. उपऱ्यास दाद मागण्याचे स्थान फार तर गोतसभा किंवा सरकारातील अधिकारी. येथे मात्र परक्या विद्यार्थ्याच्या वतीने त्याच्याच विद्यापीठाने राष्ट्रीय संघटनेस न्यायालयात खेचले आणि जिंकले. तुलना तुटते ती प्रथम या ठिकाणी.

ज्यांच्यासाठी हा सारा वाद झाला त्या धावकांचे पुढे काय झाले? न्याम्बुई याने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरचे रौप्यपदक मिळविले. रोनोच्या वाट्यास ऑलिंपिक आलेच नाही. १९७६ व १९८० या दोन्ही वेळी केनियाने बहिष्कार घातला होता. विक्रमांची वर्षे सरल्यावर तो मद्याच्या आहारी गेला, आणि पुढे अमेरिकेतील एका विमानतळावर प्रवाशांचे सामान वाहण्याचे कामही त्यास करावे लागले. २००७ मध्ये त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले, २०१९ मध्ये तो केनियास परतला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवर्तला. एका माणसाच्या दुर्दैवाचा दोष संपूर्ण पद्धतीवर ढकलणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. त्याच वाटेने गेलेल्या अनेकांनी पदवी घेऊन स्थिर आयुष्य घालविले. तथापि करारात धावण्याचे मोल ठरलेले होते, धावणे थांबल्यानंतरच्या माणसाचे ठरलेले नव्हते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

तिसरा टप्पा आपल्या काळाचा आहे, आणि तो आष्टीपाशी येऊन मिळतो. केनियात १९९४ मध्ये जन्मलेला एडवर्ड चेसेरेक शाळकरी वयातच अमेरिकेत आला आणि ऑरेगन विद्यापीठाकडून २०१३, २०१४ व २०१५ अशी लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय क्रॉसकंट्री विजेता झाला. इतक्या यशानंतरही नागरिकत्वाअभावी त्यास अमेरिकेतर्फे ऑलिंपिकमध्ये उतरता आले नाही. त्याच्या आगेमागे महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या काही केनियन धावकांनी निराळा मार्ग धरला. ते अमेरिकी सैन्यात भरती झाले आणि त्यायोगे त्यांना लवकर नागरिकत्व मिळाले. यांपैकी पॉल चेलिमो याने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी ५,००० मीटरचे रौप्यपदक जिंकले. उपरी मिरासदार झाला तो सैन्याच्या दारातून. या सैनिक-धावकांपैकी अनेकांचे प्रशिक्षक होते कोलोराडो स्प्रिंग्जचे स्कॉट सिमन्स.

त्याच १९९४ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी अविनाश साबळे याचा जन्म झाला. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये, दाखल झाला. चेसेरेक ऑरेगनमध्ये पहिले विजेतेपद मिळवीत होता त्या काळात, २०१३-१४ मध्ये, साबळे सियाचेनच्या बर्फात पहाऱ्यावर होता. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्री स्पर्धांतून त्याच्या धावण्यास खरा आरंभ झाला, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य, हांगझो येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, ही त्याची पुढील वाटचाल. या काळात कोलोराडो स्प्रिंग्ज येथे त्यास मार्गदर्शन लाभले ते सिमन्स यांचेच.

दोन समवयस्क धावकांच्या या चरित्रांत एक फरक ठळकपणे दिसतो. केनियन मुलापर्यंत सात समुद्रांपलीकडील विद्यापीठ पोचले. मांडव्याच्या मुलापर्यंत त्याच्या प्रदेशातील विद्यापीठ पोचल्याचे दिसत नाही, पोचले ते सैन्य. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते याच भागातील मुलांसाठी. सैन्याने आपले काम चोख केले, यात संशय नाही. पण सैन्याची गरज शिपायाची असते. त्यातून धावक निघाला तर तो लाभ. धावक शोधणे हे सैन्यभरतीचे उद्दिष्ट नव्हे.

आपल्याकडे असा शोध कधी झालाच नाही, असेही नव्हे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहून सर दोराबजी टाटा यांनी हिंदुस्थानचा संघ १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठविण्याचा उद्योग केला, आणि बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळविला. एका शहरी संस्थेने ग्रामीण धावकास हेरून जगापुढे नेल्याचे हे आपल्याकडील आद्य उदाहरण होय. ते एका धनिकाच्या उदारतेवर उभे होते, म्हणून त्याची परंपरा झाली नाही. अलीकडे कर्नाटकात मूडबिद्री येथील अळ्वाज संस्थेसारख्या काही शिक्षणसंस्था देशभरातील होतकरू खेळाडूंना जणू दत्तक घेऊन शिक्षण व निवास पुरवितात. अमेरिकी पद्धतीचा हा भारतीय अवतार म्हणता येईल. येथील परका दुसऱ्या देशाचा नसून दुसऱ्या राज्याचा असतो, इतकाच भेद. तेथे उद्भवलेले प्रश्न येथेही उद्भवणार : हा विद्यार्थी आहे की पगारी धावक, वयाची रेषा कोठे आखावी, आणि धावणे संपल्यावर पदवीस काही अर्थ उरेल काय?

अमेरिकेतही हा व्यवहार पुन्हा बदलत आहे. जुलै २०२१ पासून तेथील महाविद्यालयीन खेळाडूस आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येतो, आणि जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीमुळे विद्यापीठांना खेळाडूंस थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांच्या जुन्या मर्यादा जाऊन संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आल्या. परंतु विद्यार्थी-परवान्यावर राहणाऱ्या परदेशी तरुणास अर्थार्जनाची मोकळीक नाही. सहकाऱ्यांस मिळणारा नवा मोबदला त्यास सहजी घेता येत नाही. शर्यत एक, पल्ला एक, आणि हक्क दोन प्रकारचे, ही स्थिती हॉवर्डच्या निकालानंतर पन्नास वर्षांनीही पुरती संपलेली नाही.

या इतिहासावरून आपल्या विद्यापीठांनी परदेशी धावक आणावेत असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. निष्कर्ष निराळा आहे. अमेरिकी महाविद्यालयांच्या भरतीत स्वार्थ होता, अन्याय होता, आणि माणसास त्याच्या पायांपुरते मोजण्याची वृत्तीही होती. पण तीत एक गोष्ट खरी होती : जेथे धावक आहे तेथे विद्यापीठाने स्वतः जावयाचे, त्यास राहण्याजेवण्याची हमी द्यावयाची आणि वर्गात जागाही द्यावयाची. परतूर तालुक्यातील आष्टीची जी मुले आज पहाटे सोळाशे मीटर धावतात, त्यांतील बहुतेकांची भरती होणार नाही, कारण जागा थोड्या आणि उमेदवार अनेक. भरतीची वयोमर्यादा उलटली की त्यांचे धावणेही थांबेल. त्यांत पाच हजार वा दहा हजार मीटरचा एखादा धावक होता काय, हे कोणी पाहिलेले नसेल. परदेशी धावकास आपला म्हणणारी विद्यापीठे जगात आहेत. आपल्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील मूल त्या विद्यापीठास उपरे राहू नये, एवढी अपेक्षा या अभ्यासातून व्यक्त करणे अनुचित होणार नाही.